न झालेली झोप

माय, तू आळशी नव्हतीस. एवढं म्हणायला मला सगळा जन्म लागला.

आपण परतूरला राहायचो. निजामाचं राज्य होतं, आणि तुझं भरलेलं अंग लोकांना सुबत्तेचं लक्षण वाटायचं. पण सकाळी तू उठायचीस तीच ठणकतं डोकं घेऊन. चुलीपुढे भाकरी थापता थापता तुझी मान खाली जायची. एकदा तशीच डुलकी लागली आणि तळहात तापल्या तव्यावर टेकला. विधवा होऊन आपल्याकडे राहिलेली आत्या तुझ्या हाताला कोरफड लावताना म्हणाली, "खाती आन् झोपती, दुसरं काम काय हाय हिला?"

मग थोरलीला बघायला मंठ्याचे पाहुणे आले. मी अकरा वर्षांची. तू भिंतीला टेकून बसली आहेस, पदर सावरलेला, आणि बोलता बोलता घोरायला लागतेस. एकदम घोरणं थांबतं. श्वासही थांबतो. नवऱ्या मुलाची आई तुझ्याकडे बघतच राहते. बुडणारं माणूस वर यावं तशी तू आचका देऊन जागी होतेस आणि विचारतेस, "चहा झाला का?" रिकाम्या कपबश्या समोरच आहेत.

सोयरीक जमली नाही. पाहुणे गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले, "लाज न्हाई वाटत का तुला? दिवसभर झोपूनच राह्यलीस!"

तू मला मारलं नाहीस. म्हणालीस, "रातभर पडून असते गं, पण झोप होतच न्हाई. कुणी उरावर बसल्यावानी व्हतं. बिलकुल खोटं न्हाई सांगत."

त्या दिवसापासून तू अर्धीच भाकरी खायला लागलीस. दुपारी डोळा लागू नये म्हणून ज्वारीसुद्धा उभ्यानं पाखडायचीस. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी तू उठलीच नाहीस. आत्या रडत सगळ्यांना सांगायची, "झोपेत गेली, सुखानं गेली."

ते सुख नव्हतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं. माझंही वजन वाढलंय, मीही जेवता जेवता पेंगते. औरंगाबादच्या दवाखान्यात अंगाला तारा लावून मला एक रात्र झोपवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, झोपेत तुमचा गळा आतून मिटतो, श्वास थांबतो. गुदमरून पुन्हा पुन्हा जाग येते, तुम्हाला कळतही नाही. झोप होणार कशी?" नाकावर लावून झोपायचं एक यंत्र दिलंय. पहिल्याच सकाळी डोकं हलकं वाटलं, आणि मी पलंगावर बसून रडले.

हा कागद पाठवायला ठिकाण नाही. घडी घालून पेटीत ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. तारा लावायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "असा त्रास आईवडिलांपैकी कुणाला होता का?"

मी "न्हाई" म्हणाले.