वहिनीच्या वाट्याचा मोगरा

माय,

अक्षरं मी आत्ता म्हातारपणी शिकले, नातवाच्या पाटीवर. बोरू हातात ठरू लागला तसं पहिल्यांदा तुलाच लिहावंसं वाटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुला जवळून ओळखणारी आता मी आणि वहिनी, दोघीच उरलो आहोत. त्यातही ती आहे, हे मला खुपतं.

दादाचं लग्न होऊन वहिनी अकोल्याच्या घरात आली तेव्हा ती आणि मी एकाच उंचीच्या होतो. मला वाटलं, खेळायला मिळाली. पण दुसऱ्याच दिवशी तू तिला हाताला धरून मागल्या अंगणात नेलंस, नहाणीच्या पाण्यावर वाढलेल्या तुझ्या मोगऱ्यापाशी. बारा महिने हिरवंगार असणारं ते झाड नुसतं हिरवं राहण्यावर समाधान मानतं आणि फुलायचं विसरतं, म्हणून पौषात त्याचं पाणी तोडायचं, पानांनी माना टाकेपर्यंत थेंब द्यायचा नाही. माघात छाटायचं, उरलेली पानं ओरबाडायची, मुळाशी माती मोकळी करून शेणखत घालायचं आणि मगच पाणी सोडायचं. हे सगळं तू तिला शिकवलंस, आणि शिकवताना काय काय बोललीस तिला! फांदी तिरपी कापली तरी बोलायचीस, सरळ कापली तरी बोलायचीस. ती डोळे पुसत काम करायची आणि मी ओसरीवर बसून ऐकायचे. मला तू कधी बोलली नाहीस. माझ्या हातून दूध सांडलं तर राहू दे म्हणून स्वतः पुसून घ्यायचीस. एकदा मी विळा घेऊन मोगऱ्याकडे गेले तर तो हलकेच काढून घेतलास.

"तुले काय करायचं हाय हे शिकून, बाई? तू परक्या घरची."

किती मायेने म्हणालीस. म्हणून तर ते अजून मनातून निघालं नाही.

मग ती कापसाची वर्षं आली. दूर कुठे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेला आपला कापूस हवासा झाला. बाबांनी ज्वारीचं रानसुद्धा कापसाला दिलं. घरात कापूस, ओसरीवर कापूस. शेवटी मागल्या अंगणात छप्पर घालायचं ठरलं आणि बाबांनी मोगरा काढून टाकायला सांगितला. तू त्यांच्याशी भांडली नाहीस. पहाटे वहिनीला घेऊन झाडाभोवती खणू लागलीस. मातीच्या गड्ड्यासकट ते झाड गोणपाटात बांधून तुम्ही दोघी ओढत विहिरीकडे नेत होता. मी धावत जाऊन एक टोक धरलं. "तू सर बाजूले, साडी मळेल," असं मला म्हणालीस, आणि त्याच दमात तिला, "नीट धर व, मुळं उघडी पडून राह्यली, डोळे फुटले का तुहे?" मी बाजूला सरले. माझी साडी स्वच्छ राहिली. तिच्या गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि मला तो चिखल हवा होता, माय.

त्याच तेजीत माझं लग्न अमरावतीच्या कापसाच्या अडत्याकडे झालं. घरात दोन गडी, अंगणात जागाच जागा. मी हट्टाने मोगरा लावला आणि रोज स्वतः पाणी घातलं. झाड माझ्या कमरेइतकं झालं. फूल मात्र नाही. तू आलीस तेव्हा मी तुला आधी तेच दाखवलं. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तू तहानलेली उभी होतीस. पानांवरून हात फिरवून म्हणालीस, "छान हाय." एवढंच. मी वाट पाहत राहिले. तू जायला निघालीस.

तुझ्या शेवटच्या आजारात निरोप मिळताच मी अकोल्याला धावले. दारातच तुझा आवाज ऐकू आला. काढा करपवला म्हणून तू वहिनीला झापत होतीस. मला पाहिलंस आणि तो आवाज एकदम मऊ झाला. म्हणालीस, "बाई आली. तिले पाट द्या, जेवली का इचारा." त्यानंतर तू शुद्धीत फार बोलली नाहीस.

तेरावं झाल्यावर वहिनीने विहिरीकडच्या तुझ्या मोगऱ्याची, मातीत दाबून मुळं धरवलेली फांदी माझ्या हातात दिली. म्हणाली, "भाजीवानी पानी घालू नका. आत्याबाई तुमच्याकडून आल्या तवा मले म्हणे, माही पोरगी झाडाले बुडवून मारून राह्यली."

"मग मले काहून नाही म्हणाली?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "पाहुणीले कोणी बोलते का, वन्सं?"

तिचा आवाज अगदी साधा होता. मी ती फांदी तिथेच फेकून द्यायला हवी होती, पण पदराखाली धरून अमरावतीला आणली.

पुढे ती लढाई संपली, कापसाचा भाव पडला, यांची अडत मोडली, गडी गेले. त्या फांदीचं झाड तेवढं राहिलं. त्याला मी पौषात तहानलेलं ठेवते, माघात छाटते. आजवर दर चैत्रात पहिली ओंजळ मी अकोल्याला वहिनीकडे नेत आले, आणि ती फुलं हुंगून एकच म्हणते, आत्याबाईंचीच हाय. तेव्हा मला तिचा हेवा वाटतो, या वयातही. तू तिच्या कानात आहेस. माझ्या कानात नुसतं "छान हाय".

आज पोरं निजल्यावर हे लिहिते आहे. तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. कागद घडी करून ठेवून देईन. पण एक सांगते. परवा वहिनीचा निरोप आला, बहर कसा आहे म्हणून. झाड पांढरंशुभ्र होतं, खाली सडा पडला होता. मी कळवलं, यंदा एक कळी नाही. ती उद्याच्या गाडीने येते आहे. ती तुझ्याच शब्दांत, तुझ्याच तोऱ्यात मला बोलेल. तेवढ्यासाठी मी आज सगळी फुलं खुडून ठेवली.