१९३४ चा सातवा गुण

प्लम क्रीक, नेब्रास्का
१६ सप्टेंबर १९५६

ती. लेनर्डदादास,

धाकट्या एमिलचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनींची आणि तुझ्या मेंढ्यांची खुशाली या वेळी वेगवेगळ्या परिच्छेदांत कळव (मागच्या पत्रावरून खोकला नक्की कुणाला झालाय, हे आम्हाला अजून समजलेलं नाही). इकडे लोरेन बरी आहे. मीही बरा आहे, फक्त इतिहासकार झालो आहे.

झालं असं, की आपल्या कॉलेजला यंदा पंचाहत्तर वर्षं होताहेत, म्हणून डीनबाईंनी एकेका फुटबॉल मोसमाचा इतिहास एकेका जुन्या खेळाडूला वाटून दिला. माझ्या वाट्याला अर्थातच १९३४ आला. बाईंनी दोन पानं मागितली होती. माझी एकोणीस झाली आहेत आणि मी अजून शेवटच्या अकरा सेकंदांतच अडकलो आहे. पहिले सात सामने अर्ध्या पानात उरकले, कारण सातही आपण हरलो. आठवा हार्मनी कॉलेजशी. त्यांचे सहा गुण, आपलं शून्य, आणि अकरा सेकंद उरले असताना विल्बर कोसेकने चेंडू पोटाशी धरून रेषा ओलांडली. सहा-सहा. आता गोलाच्या लाकडी खांबांमधून एक किक गेली की सातवा गुण आणि मोसमातला एकुलता एक विजय. ती किक मारायची होती मी. (त्या मोसमात मी आधी चार मारल्या होत्या. तीन वाऱ्याने नेल्या, चौथी बँडमधल्या ढोलवाल्याला लागली.) मी बूट घट्ट केला, मान वर केली, तर खांब नव्हते.

जिंकल्यावर खांब पाडून गावभर मिरवायचे ही आपली रीत. पण दोन वर्षांत जिंकायची सवयच राहिली नव्हती, म्हणून लोकांनी घाई केली, असं आजवर सगळे धरून चालले. पंचाने मैदानात घुसलेली गर्दी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि शिट्टी खिशात टाकली. सामना बरोबरीत सुटला. तेव्हापासून गाव मला सांगतं, "एमिल, तू मारलीच असतीस." त्या न मारलेल्या किकवर मी बावीस वर्षं जगतो आहे. चर्चच्या मंडळावर मला तिच्यामुळे घेतलं, आणि लोरेननेही होकार तिच्यामुळेच दिला (ती नाही म्हणते, पण जरा थांबून म्हणते).

आता इतिहास लिहायचा तर खांबाला पहिला हात कुणी लावला, हे कळायला नको? मी चौकशीला लागलो. फ्लॉइड न्हावी म्हणाला, मी तिसरा होतो. त्याचा मेहुणा म्हणाला, तिसरा मी. गावात एकूण चौदा माणसं तिसरी निघाली, पहिलं एकही नाही. मग मार्सेलाबाई भेटल्या (मैदानावर कॉफी विकायच्या त्या). त्यांची स्मरणशक्ती अजून भयंकर आहे. म्हणाल्या, "तुझा भाऊ आला होता की मध्यंतरात. खसखस भरलेले तीन गोड पाव, कोलाचे, घेतले. कोट असा ताठ! म्हटलं, लेनर्ड, वाकत का नाहीस रे? तर म्हणे, पाठ धरलीय. पाठ कसली मेली, कोटाखालून करवतीचे दात दिसत होते."

दादा, मी तडक आपल्या जुन्या कोचकडे गेलो. एक्याऐंशीचे झालेत, मुलीच्या ओसरीवर बसून असतात. त्यांनी काहीही आढेवेढे घेतले नाहीत. "अरे, गर्दी मागून आली. तुझ्या भावाने खांब मध्यंतरातच अर्धे कापून ठेवले होते. मी पाहिलं की."

मी विचारलं, "मग अडवलं का नाही?"

कोच म्हणाले, "किक तू मारणार होतास ना?"

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. तुझा राग आला, हे लपवत नाही. चार दिवस आला. पाचव्या दिवशी वाटलं, माझ्यासाठी असं दुसरं कुणी काही कापलेलं नाही.

तुझा,
एमिल

ता. क. काळजी करू नकोस. इतिहासात मी "लोकांच्या उत्साहात खांब पडले" एवढंच लिहिलं आहे.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. डीनबाईंनी जाहीर केलंय, की १३ ऑक्टोबरच्या मेळाव्यात, मध्यंतरात, सगळ्या गावासमोर मी ती राहिलेली किक मारणार. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्या. काल आम्ही कोठाराच्या मागे सराव केला. लोरेनने चार चेंडू पाहिले आणि अंडी गोळा करायला निघून गेली. दादा, मला फार भीती वाटते आहे. तू ये. खांब आता लोखंडी आहेत, सिमेंटमध्ये बसवलेले. पण तुझ्याकडे ट्रक आहे, आणि जाडशी साखळीही असेलच. बाकी तुला सांगायला नको.