देवापुढे हलणारे ओठ

चारकोप, कांदिवली (प.)
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जान्हवीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तू मुलुंडला गेलीस त्याला पंधरा दिवस झाले. गॅलरीतल्या तुझ्या मोगऱ्याला मी पाणी घालतो. तुझ्या सासूबाईंनी कुळथाची पिठी भरून ठेवली आहे, नितेशबरोबर पाठवू. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, तर खजूर खातेस ना?

हे सगळं नितेश तुला सांगतोच. गेलं दीड वर्ष मी तुला सगळं त्याच्याकरवीच सांगत आलो. तू समोर जेवायला बसलेली असायचीस आणि मी नितेशला म्हणायचो, "तिला विचार, आमटी हवी का." कधी धीर करून तुझ्याशी बोललोच, तर ओरडून. तुझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या, "अवो, बोंब मारून तिका काय ऐकाक येतला? शेजारचे तेवढे धावत येतले." तू आमच्या तोंडांकडे बघून हसलीस. कसं बोलू, हे तेव्हाही मी तुला विचारलं नाही. नितेशलाच विचारलं.

हे पत्र मात्र त्याला दाखवलेलं नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून तू माहेरी जरा लवकर गेलीस, असं सगळ्यांना वाटतं. काल नितेश सांगत होता, बाळ झाल्यावर तुम्ही मुलुंडलाच भाड्याची खोली बघणार आहात. त्याच्या आईने कारण विचारलं, तर म्हणाला, "ती सांगत नाही गं." मी तिथेच बसलो होतो. मला कारण माहीत होतं आणि मी गप्प राहिलो.

पूजा करताना मी मोठ्याने काही म्हणत नाही. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, मागणं देवाला कळलं की पुरे, ते आळीला कशाला ऐकवायचं? ती सवय राहिली. ओठ तेवढे हलतात. तू शेजारी बसून हार ओवायचीस. तुला दिवस गेल्याचं कळल्यापासून मी रोज एकच मागत होतो, "देवा, बाळ नितेशवर जाऊ दे. तिच्यासारखं नको." घरात ओठ वाचणारं माणूस एकच, आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावर, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मिशीआडून काय दिसणार? पण रोज तेच शब्द म्हटल्यावर तुला कळले असणार.

तू मुलुंडला निघालीस त्या सकाळी तू सुई खाली ठेवलीस आणि वहीत लिहून वही माझ्यापुढे धरलीस. "बाबा, माझ्यासारखं झालं तर?"

मी वाचलं. आणि तुझ्याकडे पाठ करून घंटा वाजवायला घेतली.

माझी सुंदराआत्या तुला माहीत नाही. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिला बोलवायचं तर आम्ही पोरं खडा मारायचो. मोठी माणसंसुद्धा काही वेगळी नव्हती. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, पहाटे वारले, तेव्हा ती मागच्या पडवीत भात कांडत होती. बाहेर रडारड चालू होती. तिला जाऊन सांगावं, हे कुणालाच सुचलं नाही. अंगणात तिरडीचे बांबू आले, ते बघून तिला कळलं. ती आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, ते मला अजून दिसतं. बाळाच्या वाट्याला तसलं जिणं येऊ नये, एवढंच मी मागतो आहे असं मला वाटायचं. पण आत्याचं ते जिणं तिच्या कानांनी केलेलं नव्हतं, जान्हवी. आम्ही केलं होतं. आणि तुझ्याशी मी तेच करत होतो. खडा काय तो मारला नाही.

मिशी कापली आहे. तुझ्या सासूबाई दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होत्या. फोनवर बघून हातांची भाषा शिकतो आहे. तीस वर्षं लेथवर काम केलेली बोटं, वळता वळत नाहीत. कारखान्यातला चंद्रप्रकाश म्हणतो, "काय रे दशरथ, माशा मारतोस की काय?" आतापर्यंत पाणी, जेवण, दुखतंय का आणि माझं चुकलं, एवढं येतं. शेवटचं सगळ्यात आधी शिकलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. तुझ्यासारखं झालं, तर त्याच्याशी कसं बोलायचं ते तुला पहिल्या दिवसापासून माहीत असेल. मला शिकावं लागेल. मी शिकेन. आणि ऐकू येणारं झालं, तरी मला शिकायचंच आहे, कारण घरात तू आहेस.

परत ये, असं मी लिहीत नाही. कुठे राहायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. येत्या रविवारी मुलुंडला येऊ का, एवढंच विचारतो. एकटा येईन, मधे नितेश नको. नको म्हणालीस तर येणार नाही.

उत्तर मला लिही, त्याच्याकडे सांगू नकोस.

खाली नुसतं नाव लिहितो आहे. बाबा लिहायचं की नाही, ते तू सांगशील तसं.

दशरथ