पाठमोरा

६ नोव्हेंबर

आले एकदाची नामेरीला! स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तर समोर समुद्र, आणि वाऱ्याने माझी टोपी उडवली ती थेट मासळीच्या टोपलीत. टोपलीवाल्या काकूंनी ती उचलली, हुंगली आणि परत दिली. म्हणाल्या, "घे, आता गावची झालीस." त्यांचं नाव फुसाए. आरामाकीसानचं दुकान कुठे म्हणून विचारलं तर हसत सुटल्या. "त्या आगगाडीवेड्याकडे? म्हातारा इंजिनांना तेल घालायला विसरत नाही, माणसांना जेवायला घालायला विसरतो. उपाशी राहिलीस तर माझ्याकडे ये."

दुकान मला बघताक्षणी आवडलं. दर्शनी काचेत जुनी खेळण्यातली इंजिनं, आत कामाचं टेबल, आणि मधल्या खोलीत मोठ्या फळीवर रुळांचा वेढा. त्यात कागदाच्या लगद्याचा डोंगर, एक बोगदा, एक छोटा फलाट. आरामाकीसान सत्तरीचे, उंच, चेष्टेखोर. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघण्याआधी बोटांकडे बघितलं. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात निकामी झालेत, चहाचा पेलाही मनगटांत धरून उचलतात. म्हणून तर मला बोलावलं. ओसाकात घड्याळं दुरुस्त करून करून माझी बोटं या कामाला तयारच आहेत.

त्यांची बायको, किकुसान, वरच्या मजल्यावर असते. आजारी असावी, खाली येत नाही. पण आवाज काय गोड! "अहो, पाहुणी आली ना? तिला चहा द्या आधी." इतका प्रेमळ आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

११ नोव्हेंबर

काम मस्त चाललंय. येणारी इंजिनं बहुतेक युद्धाच्या आगेमागेची, पत्र्याची नाहीतर पितळेची. आणि प्रत्येकाच्या मागे कुणीतरी माणूस.

आज निवृत्त शिक्षिका योशिनागाबाई हिरवं पत्र्याचं इंजिन घेऊन आल्या. नवऱ्याने लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेलं. पोर नव्हतं, तरी आणलं, म्हणाला होता की आपणच खेळू. मी मोटरचे ब्रश बदलले, तारा जोडल्या, रुळावर ठेवलं. धावायला लागलं तशा बाई डोळे पुसत "ते रविवारी ना..." एवढंच बोलल्या, आणि आरामाकीसाननी कोपराने खटका दाबून गाडी बंद केली. मग म्हणाले, हं, आता सांगा.

हा इथला नियमच आहे. गाडी फिरत असताना कुणी कुणाची आठवण सांगायची नाही. आधी गाडी थांबवायची, मग बोलायचं. मी कारण विचारलं. म्हणाले, "चाकांचा आवाज ऐकू येत नाही, दुसरं काय!" कान नेहमी चाकांकडे, असा माणूस.

त्यांचं स्वतःचं लाडकं इंजिन वरच्या फळीवर असतं, पितळेचं डी-५१. धुरांडं चेपलंय. मी नीट करून देऊ का म्हटलं तर चेहरा एकदम उतरला. नको म्हणाले.

१९ नोव्हेंबर

आज माझं इंजिन बाहेर काढलं. सी-११, पत्र्याचं, काळं, मागचा आस मोडलेला. बाबांनी आणलेलं. बाबा शाखा मार्गावर खऱ्या सी-११ वर कोळसा घालायचे. मी अगदी लहान असताना गेले. आईने दुसरं लग्न केलं तेव्हा फोटो वगैरे काही उरलं नाही, हे एवढं मी लपवून ठेवलं.

आरामाकीसाननी खूप वेळ निरखलं. आस कसा घडवायचा ते तोंडाने सांगत गेले, मी करत गेले. मध्येच म्हणाले, "हे दुसऱ्यांच्या इंजिनांपेक्षा जपून चालव, पोरी." मला वाटलं, नाजूक आहे म्हणून.

२७ नोव्हेंबर

काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

आरामाकीसान हात दाखवायला दोन-तीन दिवसांसाठी शहरातल्या दवाखान्यात गेले होते. दुपार, बाहेर बर्फ, गिऱ्हाईक नाही. मी घडवलेला आस बसला होता. सी-११ रुळावर ठेवलं आणि काय धावलं! इतक्यात फुसाएकाकू बुरी मासा घेऊन आल्या. म्हणाल्या, मुळा घालून शिजव, नाहीतर तू मासा करपवशील. मग गाडीकडे बघून विचारलं, कुणाचं गं हे?

मी सांगायला लागले. आनंदात होते, थांबायचं सुचलंच नाही. बाबा कामावरून आले की शेगडीपुढे बसायचे. मी मागे. त्यांची सदऱ्यातली रुंद पाठ, मानेवर कोळशाची काळी रेघ, नखांत काजळी असलेले हात. दातांतून हळू शीळ घालायचे. मला पाठीवर घेऊन फाटकापाशी गाडी दाखवायला न्यायचे. मला सगळं मागूनच आठवतं, असं म्हणून मी हसलेसुद्धा.

गाडी हळू झाली आणि छोट्या फलाटाशी थांबली. खटका चालूच होता.

मागून, दुकानातल्या शेगडीच्या बाजूने, शीळ आली. दातांतून घातलेली.

काकूंच्या हातातला मासा खाली पडला. म्हणाल्या, "चालत्या गाडीवर बोललीस? म्हाताऱ्याने सांगितलं नव्हतं तुला?" मी म्हटलं, वरच्या किकुसानना आधी खाली आणू या. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय. "अगं, किकुला जाऊन किती वर्षं झाली. मी स्वतः तिच्या चितेला गेले होते."

वरून तेवढ्यात आवाज आला, "कोण आलंय? चहा द्या ना."

२८ नोव्हेंबर

सकाळी शेगडीपुढे कुणी बसलं होतं.

तीच पाठ. तोच सदरा. मानेवर काळी रेघ. क्षणभर मला फार बरं वाटलं, हे खरं लिहिते. मी "बाबा" म्हटलं. शीळ थांबली. मी वळसा घालून पुढे गेले.

पुढेही पाठच होती.

पुन्हा फिरले, भिंतीला चिकटून. जिकडून बघावं तिकडून पाठ. त्याला पुढची बाजूच नाही.

३० नोव्हेंबर

आरामाकीसान परत आले. दारातूनच शेगडीकडे बघितलं आणि बगलेतल्या काठीवर वाकले. रागावले नाहीत. म्हणाले, चूक माझी, खरं सांगायला हवं होतं. पण मग तू राहिली नसतीस.

त्यांचं सांगणं असं. चालत्या गाडीवर ज्याची आठवण सांगाल तो उतरतो, पण जेवढा सांगितला तेवढाच. त्यांनी किकुसानचा फक्त आवाज सांगितला होता, त्यांना तोच सगळ्यात जास्त आवडायचा. म्हणून आवाजच आला. घाबरून त्यांनी डी-५१ वर हातोडा घातला. ती आठवडाभर किंचाळत राहिली, गेली मात्र नाही. आणि जे सांगायचं राहिलं ते मागत राहते.

"आधी पाय मागितले. मी गप्प बसलो. मग हात मागायला लागली, रोज, रडत. एकदा मला राहवलं नाही, तेव्हा मी..."

वरून हाक आली. तशी मोठी हाक मी ऐकली नव्हती. सगळ्या काचा थरथरल्या. ते उठून वर गेले.

१ डिसेंबर

आरामाकीसानना ताप भरलाय. फुसाएकाकू मुलाला घेऊन आल्या आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेल्या. मलाही चल म्हणाल्या. मी निघाले. उंबऱ्यापाशी बघते तर काकूंच्या घसरगाडीवर, म्हाताऱ्याच्या शेजारी, ती पाठ आधीच बसलेली. काकूंना दिसली नाही. मी म्हटलं, मी मागून येते. त्यांच्या पोराबाळांच्या घरात हे कसं नेऊ?

ती पाठ लगेच शेगडीपाशी परत आली.

२ डिसेंबर

स्टेशनवर गेले. बर्फाने मार्ग बंद. वाट पाहण्याच्या खोलीत एकच माणूस, बाकावर, माझ्याकडे पाठ करून. शीळ.

परत आले.

त्याचे हात आता वर जातात. चेहरा असायला हवा तिथे चाचपतात. तिथे मानच लागते. पुन्हा चाचपतात. शीळ तुटक होते, रडल्यासारखी. मला भीती वाटते आणि दयाही येते. बाबाच आहेत ना ते? माझेच ना?

३ डिसेंबर

टेबलाशी स्क्रू शोधत होते. मागून दोन हात आले, माझ्या गालांवर. गार. कोळशाचा वास. कपाळ, मग नाक, मग ओठ, हळूहळू. आंधळा माप घेतो तसं. बोटं माझ्या पापण्यांवर थांबली आणि —

दार वाजलं. काकूंनी भाताचे गोळे पायरीवर ठेवले होते. हात गेले.

त्याला चेहरा हवाय. मला तो आठवत नाही. मी कधी बघितलाच नाही —

४ डिसेंबर

आईला फोन लावला. किती वर्षांनी. तिला वाटलं पैसे हवेत. मी म्हटलं, बाबांचा चेहरा सांग. मग तिचा आवाज इतका मऊ झाला! म्हणाली, "वेडे, आरशात बघत नाहीस का? तोच. तेच कपाळ, तेच डोळे. म्हणून तर मला तुझ्याकडे बघवायचं नाही." आम्ही दोघी रडलो.

मला उपाय मिळाला. सी-११ रुळावर ठेवलं, खटका दाबला. बोगद्यातून बाहेर आलं तसं मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, बाबांचा चेहरा म्हणजे माझा चेहरा. तेच कपाळ, तेच डोळे, तेच ओठ.

गाडी फलाटाशी थांबली. शीळ बंद झाली. शेगडीपुढे कुणी नाही.

वरूनही आवाज नाही. सगळं घर शांत. आज पोटभर जेवले.

५ डिसेंबर

काकू आल्या. माझ्याकडे बघून नमस्कार केला, परक्याला करतात तसा. विचारलं, कायो घरात आहे का?

मी म्हटलं, मीच कायो. त्या हसल्या नाहीत. मागे सरकल्या. पळत गेल्या.

आरसा आहे ना कामाच्या टेबलाशी. बघवत नाही. अजून बघितला नाही —

आरामाकीसान आले, तापातच, काकूंच्या खांद्यावर रेलून. काय सांगितलंस चालत्या गाडीवर, नेमकं काय? मी सांगितलं. ते जवळ आले. दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते मेलेले हात. म्हणाले, "तिने हात मागितले. मी दयेपोटी म्हटलं, किकु, तुझे हात म्हणजे माझेच हात. त्या सकाळपासून हे असे आहेत पोरी, त्या सकाळपासून —"

काकू दारातून हाका मारतायत. चल म्हणतायत. पण माझं नाव घेऊन नाही.

गालाला हात लावला. गुळगुळीत. भुवई लागत नाही. एका डोळ्याने लिहितेय, दुसरा —

शीळ. शेगडीपाशी.

उठतोय. पाठ — वळतेय, पहिल्यांदाच वळतेय — आरामाकीसान बघू नको म्हणतायत —

कपाळ माझं आहे. ओठ माझे. हसतोय, किती प्रेमाने हसतोय, आणि माझ्याच आवाजात मला हाक मारतोय, आणि मला आता दिसत ना