आचलच्या रुखवतातली गोधडी आणि तिचे चार कान

तिरोडा,
चैत्र चालू आहे, तारीख कॅलेंडरवर बघून घ्यावी.

तीर्थस्वरूप सावित्रीबाईस धाकट्या उदारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सारे बरे आहोत. तिकडे तू बरी असशीलच, पण भाऊजींचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. मोहाच्या तेलाने काही फरक पडला, की गुडघा तसाच आणि वास तेवढा घरभर? फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. बाई, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. सुलोचनेच्या भाजीत हल्ली मीठ जास्त पडतं, हे मी मागे तुला एकटीला सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात देवरीच्या बाजारात तुमच्या चिचगडचा एक अनोळखी माणूस भेटला आणि त्याने मला बीपी विचारलं. म्हणून हे पत्र. ते मनात वाच.

तुला ठाऊकच आहे, माझा जन्म राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवण्यात गेला. पुढे शिवायचं मशीन आलं आणि मालकाने माझ्या हातात गोदामाच्या चाव्या दिल्या. चाव्यांनी पोट भरलं, हात मात्र उपाशी राहिला. रिटायर झाल्यावर तो फारच वळवळायला लागला. एकदा फाटकी चादर दिसली, तिच्यावर सुलोचनेचं जुनं लुगडं अंथरलं आणि दाभण सोडून साध्या सुईने धावदोरा घालायला बसलो, तो दिवेलागणीलाच भानावर आलो. (उठायला गेलो तेव्हा कळलं की लुंगीही गोधडीला शिवली गेली आहे. सुलोचनेने हाक मारल्यावर मी गोधडीसकट स्वयंपाकघरात गेलो.) तेव्हापासून हा नाद लागला आहे आणि तो सुटावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

पण सुलोचनेला लाज वाटायची. पुरुषमाणूस मांडी घालून गोधडी शिवतो, हे कुणाला दिसू नये म्हणून तिने मला मागच्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की हे जपाला बसले आहेत. झालं, माझी कीर्ती पसरली. दोन म्हातारे मंत्र विचारायला आले. एका बाईने सुनेला गुण यावा म्हणून अंगारा मागितला. माझ्या बोटात सुई रुतून मी ओरडलो की बाहेरचे लोक हात जोडायचे म्हणे. शेवटी मलाच पाप वाटायला लागलं आणि मी सुई-दोरा घेऊन ओसरीत येऊन बसलो. लोक हसले. हसून हसून किती हसतील? पोटाला पीळ पडला की आपोआप थांबतात, आणि तसेच थांबले.

आता त्रास आहे तो वेगळाच. गोधडी करणाऱ्या माणसाची नजर बिघडते. समोरचा काय बोलतो यापेक्षा त्याच्या शर्टाचं कापड किती मऊ झालं आहे, इकडेच लक्ष जातं. मी जवळ बसलो की मंडळी बटणं चाचपतात. शेजारणीने माझ्यामुळे कपडे वाळवायची दोरी आमच्या बाजूने काढून मागच्या अंगणात बांधली. (तिची जांभळी साडी आणखी एका उन्हाळ्यात अगदी मुरून येईल. मी वाट बघतो आहे.)

असो. मुद्दा आचलच्या लग्नाचा आहे. तिच्या साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिच्यासाठी गोधडी धरली. मधोमध तिच्या शाळेच्या गणवेशाचा निळा चौकोन, भोवती तिच्या आईच्या साड्यांचे काठ, माझा मिलमधला खाकी शर्ट, आणि एका कडेला आपल्या आईच्या लुगड्याची ती चिंधी जी तू मला दिवाळीला तांब्या पुसायला दिली होतीस. वैशाखातल्या लग्नात गोधडी कोण पांघरतो, असं मला विचारतात. अरे, रुखवतातला लाडवांचा किल्ला तरी कोण खातो? मला ती रुखवतात मांडायची होती, बाजूला चिठ्ठी लावून, की ही नवरीच्या बापाने शिवली. पोरीच्या लग्नात बापाचं नाव पत्रिकेवर येतं आणि खर्चाखाली येतं. एखाद्या वस्तूवर यावं, इतकीच माझी हाव होती.

सुलोचना म्हणाली, "पोरगी सासरी जाऊन राहिली. तिले जनमभर ऐकावं लागंन का तुह्या बापानं रुखवतात पोतं देल्लं."

मला राग आला, बाई. त्याच पोत्यांवर आपण पोरगी बी.ए. केली, हे मी मोठ्याने बोललो. पण ती पदराने डोळे पुसायला लागली, आणि मी जेवता जेवता कबूल करून बसलो की बरं, गोधडी मांडू, पण चिठ्ठीवर आत्याबाईचं नाव लिहू. आत्याबाई म्हणजे तू.

हे कबूल करताना तुझी शिवणकला माझ्या डोळ्यांसमोर आली नाही, ही माझी चूक. ज्या बाईने नवऱ्याच्या अंगावरच्या शर्टाला बटण लावताना ते बनियनलाही लावून टाकलं, आणि भाऊजी दोन्ही कपडे एकत्रच काढत राहिले, तिच्या नावावर मी माझी गोधडी केली. म्हणून तुला थोडं शिकवून ठेवतो. बायका विचारतीलच. अस्तर कसलं, तर जुन्या धोतराचं. शिवण कुठून धरली, तर काठाकडून मध्याकडे. सुई कोणती, असं कुणी विचारलं तर खोकला काढ.

एवढ्यावर निभावलं असतं. पण परवा व्याही आले, जागेश्वरराव. इटियाडोहच्या कालव्यावर दोन्ही हंगाम धान घेणारा माणूस, बोलणं कमी. वऱ्हाडाच्या गाड्या किती, हे ठरवायला आले आणि नेमके ज्या खाटेवर गोधडी होती तिच्यावरच बसले. बोलता बोलता त्यांचा हात कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. बाई, पोतं शिवताना दोन्ही टोकांना कापडाचा गुच्छ आवळून बांधतात, हमालाला धरायला. त्याला आम्ही कान म्हणतो. ती गोधडी पुरी करताना माझ्या हातांनी मला न विचारता चारही कोपऱ्यांना कान बांधून टाकले होते. मला स्वतःला ते त्याच क्षणी दिसले. धानाच्या मुलखात हे कान न ओळखणारा माणूस सापडायचा नाही.

जागेश्वररावांनी कान चाचपला आणि विचारलं, "हे कोनं बांधलं जी?"

सुलोचना दारातूनच म्हणाली, "माह्या नणंदेनं."

"नणंदबाई मिलमंधी होत्या का?"

"हो जी. लई वर्सं."

चहा माझ्या नाकात गेला. तर बाई, अशा रीतीने तू आता राईस मिलमधून रिटायर झाली आहेस. व्याह्यांना तुझा हात फार आवडला. त्यांना धानाच्या राखणीसाठी मचाणावर पांघरायला अशीच एक गोधडी तुझ्याकडून पाहिजे आहे, आणि लग्नात ते तुझ्याशी पोत्यांविषयी निवांत बोलणार आहेत.

भाऊजींना नमस्कार सांग. लग्नाला चार दिवस आधीच ये.

तुझा भाऊ,
उदाराम

ता. क. (हा सुलोचना शेजारी उभी राहून लिहवून घेत आहे.) मिलमध्ये किती वर्षं होत्या असं विचारलं तर लई वर्षं म्हणावं, आकडा सांगू नये. मिलचं नाव आठवत नाही म्हणावं. शक्यतो जागेश्वररावांपासून लांब बसावं.

ता. क. २. आता ती भात उतरवायला गेली. वरचं सारं खोडलं आहे असं समज. बाई, मी नाव सोडणार नाही. जेवताना कबूल झालो होतो, ते जेवणासोबत जिरलं. खरी गोष्ट पुढे आहे. जागेश्वरराव निघताना मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. त्यांनी माझा उजवा हात धरला, उलटा केला, सुईने पडलेली बोटावरची खाच अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "नणंदबाईले सांगा, मले बी एक पाहिजे. पन कान ठेवजा म्हनाव." मग गाडीत बसून निघून गेले. मी किती तरी वेळ फाटकापाशी उभा होतो. इतका आनंद मला मिलने निरोपाचा नारळ दिला तेव्हाही झाला नव्हता. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. लग्नात कुणीही विचारलं की सर्वांसमोर, तुझ्या त्या स्पीकरच्या आवाजात सांग, की मला सुई धरता येत नाही, ही उदारामने शिवली. आणि तुझं ते हिरवं लुगडं घेऊन ये. व्याह्यांची गोधडी मी काल धरली. लिफाफ्याचा डिंक सुकला आहे. भाताची शितं लावून मी चिकटवते, असं सुलोचना म्हणाली. काळजी नको, तिला वाचायची सवय नाही.

ता. क. ३. बाई, सुलोचनाचा नमस्कार. सवय नाही, पन वाचता येते. शितं लावता लावता सारं वाचलं. तुमच्या भावाले मी जे सांगतलं नाही ते तुमाले सांगतो. काल दुपारी हे झोपले होते तवा मी ब्लेड घेऊन ते कान उसवाले बसली होती. कान गेले तं कोनाले समजनार नाही, असं वाटलं. एक कान अर्धा उसवता उसवता ब्लेड मोडली, बोटं सुजली, अन् बाकीचे तीन तं जागचे हलले नाही. मंग मले रडूच आलं. ज्या मानसानं पोरीसाठी इतकं आवळून बांधलं, त्याचं नाव मी दुसऱ्याच्या नावावर कायले करून राहिली होती? आज आचलच्या हातानं नवी चिठ्ठी लिहून घेतली. गोधडी, नवरीच्या बाबाची. यायले लग्नाच्या दिवशीच दिसंन, तवरक सांगू नोका. वरचा पयला ता. क. बी यायले संशय येऊ नये म्हनूनच लिहवून घेतला. तुमाले मिलमंधी नोकरी कराची गरज राहिली नाही. पन तो उसवलेला कान मी माह्या हातानं शिवला अन् तो पार वाकडा झाला. तो कोनं शिवला म्हनून कोनी विचारलं, तं मी तुमचंच नाव सांगीन.