उलट्या पायांची हडळ

२ एप्रिल १९७४, मंगळवार
हडळीचे केस सतरा रुपयांना पडले. हा झाला कागदावरचा खर्च. खरा खर्च असा — केसांसाठी शेपटी कापताना टांग्याच्या घोड्यानं मांडीवर लाथ घातली, दोन दिवस मांडी घालून बसता येईना. टांगेवाला घोड्याकडं मागून बघून रडला. आणि आमचा सोंगाड्या कडूबा रुसला — "भुतासाठी मालक लाथा खातेत, आमच्या टोपीला दोरा मिळंना!"
असू दे. तमाशात भूत पुष्कळांनी आणलं. उलट्या पायांची हडळ कुणी आणली न्हाई! युक्ती माझी. मुखवटा डोक्याच्या मागं बांधायचा, वरून केस मोकळे, लुगडं मागचं पुढं नेसवायचं. नाचणारीनं लोकांकडं पाठ करून नाचायचं. तोंड समोर, पाय उलटे!
पंधरा तारखेला अंबडकडच्या जत्रेत पहिला खेळ. तिथं दुसराही फड येतोय. ज्याच्या तंबूत गर्दी, त्याला पुढल्या साली बोलावणं.

४ एप्रिल
कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये तालीम. भर दुपारी दारं लावून अंधार केला, एकच कंदील. सरकीचा वास. हडळ म्हणजे कौसल्या, फडातली पहिली नाचणारी. दोनदा पडली. "मालक, माझेच पाय मला परके वाटून राह्यले."
बोलून गेलो — "नाच बसला न्हाई तर दुसरी बघावी लागंल." लगेच उठून पुन्हा उभी राह्यली. तिच्या नाचावर घरी आई आणि दोन लेकरं. बोलायला नको होतं. पण जत्रा थांबते का?

६ एप्रिल
कौसल्या पुन्हा पडली. केशरबाईनं हाडवैद्याकडं नेली. परतल्यावर मी विचारायच्या आत म्हणाली, "काही न्हाई, लचक भरली." केशरबाई आमची स्वयंपाकीण. एके काळी नाचून तंबू गाजवणारी, हडळीपेक्षा भारी बाई!

७ एप्रिल
आज काय झालं? दारं लागली, हडळ आली, अन् पाठीला डोळे असल्यासारखी नाचली! एक पाय चुकला न्हाई.
पण आवाज! कौसल्येचं घुंगरू पाण्यावानी वाहतं. हे टाच घट्ट रोवून बोलत होतं. मागं सरकताना टाच भारी पडत असंल. ढोलकीवाल्या ख्वाजामियाँला विचारलं. वादी ताणत म्हणाला, "हडळ के पाँव हैं तातेराव, आवाज बी उल्टाच येणार."
माझे कान आहेत म्हणून फरक कळला. डोक्यावर पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन या धंद्यात आलो, आज फड माझ्या नावाचा — तो कानांच्या जोरावर. मिट्ट अंधारात नुसत्या घुंगरावरून सांगतो, कोण नाचतंय. तीस वर्षांत एकदाही चुकलो न्हाई. आठ वर्षांमागं केशरबाईला मीच म्हणालो, "बाई, घुंगरू थकलं तुमचं." तिनं चाळ सोडले, चुलीशी जाऊन बसली. वाईट वाटलं. पण कान खोटं बोलत न्हाईत.

९ एप्रिल
डोकं चालंना. अंधारात वाऱ्यावानी नाचणारी कौसल्या सकाळी मी आलो तर जागची उठत न्हाई! लुगड्यात पाय घेऊन बसलेली. इतक्यात शेफारली?
वर भाकरी करपलेल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा.
"केशरबाई, लक्ष कुठंय?"
"हडळीपाशी जी."
ख्वाजामियाँला तेवढ्यातच ठसका लागला.

११ एप्रिल
आज पण करपल्या.

१३ एप्रिल
बक्षीस द्यावं म्हणून तालीम संपताच म्हणालो, मुखवटा काढ. कडूबा आडवा! "पहिल्या खेळाआधी मालकानं हडळीचं तोंड बघू नये. अपशकुन हाय." हा नियम कधीचा? मी तर ऐकला न्हाई. ख्वाजामियाँ म्हणे, "बिलकुल बराबर." धंद्यात अशी गोष्ट मोडू नये, म्हणून परतलो. पण सगळे माझ्याकडं असे का बघून राह्यले?

१५ एप्रिल
तंबू फुटायची वेळ आली! हडळ मागं मागं सरकत लोकांवर आली, तशी पुढल्या चार रांगा उठून पळाल्या — अन् हसत परत येऊन बसल्या. दुसऱ्या फडातली माणसं आमच्याकडं. जत्रेच्या पंचांना छाती काढून सांगितलं — "ही कौसल्या! हिचं घुंगरू मी हजारांत ओळखीन."

१६ एप्रिल
सकाळी कौसल्येला साडी द्यायला गेलो. उठली न्हाई. तिनं लुगडं जरा सारलं — घोट्याला फळी बांधलेली. "सहा तारखेलाच मोडला, मालक. आता दुसरी बघणार का?"
चुलीपासून केशरबाई, मान वर न करता — "बघितली की त्यांनी. नऊ दिवस बघून राह्यले."
केशरबाईच्या दोन्ही घोट्यांवर चाळांचे ताजे वळ.
नऊ दिवस मी केशरबाईचं घुंगरू ऐकलं. ओळखलं न्हाई.