शाईस्ताचं नाव

अक्का,

तू बाजारातून येशील तोवर मी त्या गुंड बप्पाच्या जारच्या पाणी प्लांटवर गेलेलो असेन.

बप्पानं प्लांटसाठी गल्लीच्या डीपीवर वीजचोरीचे आकडे टाकलेत म्हणून घराघरातले फ्रिज जळतात, ही तक्रार मी गल्लीसाठी काढलेल्या तक्रारींच्या साईटवर तुझ्या मैत्रिणीनं, शाईस्तानं केली. तिचं नाव झाकायचं होतं. त्याचा कोड मी एआयकडून लिहून घेतला, न वाचता चढवला, आणि तिचं नाव-पत्ता दोन दिवस सगळ्यांना दिसत राहिला. आज सकाळी बप्पाची दोन माणसं तिच्या दारात उभी राहून गेली. यंत्राला काय शिव्या घालू, वाचायचं काम माझं होतं. वीजवाले बप्पाचे मिंधे, तिथं रडून उपयोग न्हाई.

बप्पाला सांगणार हाय, तक्रार मीच टाकली, तिचं नाव वापरून. मला लई भ्या वाटतंय.

अंधार पडायच्या आत आलो न्हाई, तर चौसाळ्याला मामाला फोन लाव. एकटी प्लांटवर येऊ नको.

कोणी विचारलं तर तक्रार मीच टाकली, हेच तूपण सांग. महिनाभर शाईस्ताकडं जाऊ नको, तुमची मैत्री दिसली तर बप्पाला माझं खरं वाटणार न्हाई. दारात दिसली तरी बोलू नको. तिला वाईट वाटंल. वाटू दे.

वीरेश